डॉल्बी थांबवा, शब्द ऐकू द्या

गेल्या जयंतीची बैठक आमच्या विहारात बसली तेव्हा वादाचा विषय नेहमीचाच होता. तरुणांना डॉल्बी हवी होती, वडीलधाऱ्यांना गायन पार्टी. वर्गणी थोडी, त्यामुळे दोन्ही जमणार नव्हते. एक तरुण म्हणाला, "डॉल्बी नसली तर मिरवणुकीत कोण येणार, तात्या?" तात्या म्हणजे आमच्या वस्तीतले जुने गायक. चाळीस वर्षे त्यांनी पेटी वाजवली. ते म्हणाले, "पोरा, डॉल्बीनं खिडकीच्या काचा हालत्यात. माणूस न्हाई हालत."

दोन्ही बाजू हट्टाला पेटल्या. इतक्यात सांगलीच्या कॉलेजात शिकणारा आमचा भाचा उठला आणि म्हणाला, "मामा, पाच मिनिटं एक गाणं ऐका, मग काय ते ठरवा." त्याने आपला मोबाईल विहाराच्या स्पीकरला जोडला. गिटार वाजली, ढोल वाजला, मग हलगीसारखे काहीतरी कडाडले आणि एक मुलगा तालावर भराभर बोलू लागला. भाषा तमिळ. आम्हांला एक अक्षर कळत नव्हते. पण मध्येच दोन शब्द आले आणि सगळे विहार सावरून बसले. ते शब्द होते 'जय भीम'.

तात्यांनी विचारले, "कुठलं रं हे?"

त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही जे वाचले आणि ऐकले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत.

चेन्नईच्या गल्लीतले गाणे

हे गाणे 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' या चेन्नईच्या वाद्यवृंदाचे. मराठीत सांगायचे तर जात नसलेल्यांचा जथा. चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांनी २०१७ च्या अखेरीस तो उभा केला आणि ६ जानेवारी २०१८ रोजी चेन्नईत त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. रंजित यांचे नाव आपल्या लोकांना परके नाही. रजनीकांतचा, धारावीच्या झोपडपट्टीवरचा 'काला' (२०१८) त्यांचाच.

जथ्यात सुमारे वीस कलावंत. कोणी उत्तर चेन्नईच्या वस्तीत 'गाना' गाणारा, कोणी रॅप करणारा, कोणी गिटार वाजवणारा. 'गाना' म्हणजे तिथल्या कष्टकऱ्यांचे गाणे. मयताच्या घरी रात्र जागवताना हे गाणे म्हटले जाते. मेलेल्या माणसाचे कष्ट, त्याचे गुण, मागे राहिलेल्यांचे दुःख त्यात येते. सभ्य म्हणवणाऱ्यांनी या गाण्याला वर्षानुवर्षे दारात उभे केले नाही. तेच गाणे, रॅप आणि रॉक एकत्र करून या मंडळींनी २०१८ साली 'मगिळ्ची' नावाचा अल्बम काढला. मगिळ्ची म्हणजे आनंद. पण त्यांच्या गाण्यांचे विषय पाहावेत तर आरक्षण, खाण्याच्या ताटावरून होणारा द्वेष, वस्तीतले जगणे. दुःख सांगायचे, पण रडत सांगायचे नाही, हा त्यांचा बाणा.

यात इसैवाणी नावाची एक तरुणी गाते. 'गाना' हा पुरुषांचाच प्रांत मानला जाई. तिने तो मोडला. २०२० साली बीबीसीने जगातल्या शंभर प्रेरक स्त्रियांची यादी काढली, तीत तिचे नाव होते.

हे नाव आले कुठून?

आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही. 'जात नसलेले' हा शब्द या मुलांनी स्वतः बनवलेला नाही. तो त्यांनी पंडित अयोथी दास (१८४५ ते १९१४) यांच्याकडून घेतला. हे तमिळ अस्पृश्य समाजातले विद्वान आणि वैद्य. आपण हिंदू नाही, आपण मूळचे बौद्ध आहोत, आपली नोंद जातीविना करा, असे ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सांगत होते. १८९८ साली त्यांनी श्रीलंकेत जाऊन बौद्ध धम्म स्वीकारला आणि मद्रासला शाक्य बौद्ध संघ काढला. १९०७ साली त्यांनी एक साप्ताहिक सुरू केले. त्याचे नाव 'ओरु पैसा तमिळन', म्हणजे एक पैशाचा तमिळ माणूस. किंमतही एक पैसा.

नागपूरच्या दीक्षेच्या ५८ वर्षे आधीची ही गोष्ट. आमच्यातल्या किती जणांना ठाऊक होती? आम्हांला स्वतःला नव्हती, हे कबूल करण्यात कमीपणा वाटत नाही. ती आम्हांला कळली एका गाण्याच्या निमित्ताने. गाण्याचे सामर्थ्य ते हेच.

रॅप म्हणजे काय, रॉक म्हणजे काय?

घरोघरी आई-वडील तक्रार करतात की, पोरे कानात बोळे घालून इंग्रजांची गाणी ऐकतात. म्हणून थोडे मूळ सांगतो.

रॅप म्हणजे तालावर, यमक साधत, ठासून बोलणे. न्यूयॉर्क शहरातल्या ब्रॉंक्स या गरीब भागात काळ्या आणि लॅटिन वस्त्यांमधून ते वाढले. ११ ऑगस्ट १९७३ हा हिपहॉपचा वाढदिवस मानतात. त्या दिवशी जमैकातून आलेल्या कुटुंबातल्या एका मुलीने, सिंडी कॅम्पबेलने, शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे जमावेत म्हणून आपल्या इमारतीत तिकीट लावून नाचगाण्याचा कार्यक्रम केला. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ होता. त्याला कूल हर्क म्हणत. गाण्यातला नुसत्या ठेक्याचा तुकडा लोकांना जास्त आवडतो हे त्याने हेरले आणि दोन तबकड्यांवर तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला. त्या ठेक्यावर पोरे बोलू लागली. वाद्य विकत घ्यायची ऐपत नाही, तर जुन्या तबकडीचेच वाद्य केले.

रॉकचे तरी काय? लोकांना वाटते ती गोऱ्यांची चीज. पण चक बेरी काळा होता. त्याच्याही आधी सिस्टर रोझेटा थार्प ही काळी बाई चर्चची गाणी विजेच्या गिटारवर गात होती. पुढे त्यावर पैसा आणि नाव गोऱ्यांनी जास्त कमावले. दुकानांत आणि रेडिओवर काळ्यांचे संगीत वेगळे, गोऱ्यांचे वेगळे अशी वाटणी झाली. १९८६ साली रन-डीएमसी या काळ्या रॅप गटाने एरोस्मिथ या गोऱ्या रॉक गटाबरोबर एक गाणे केले आणि ते सर्वत्र गाजले. एकाच घरच्या दोन लेकरांची ती फार दिवसांनी झालेली भेट होती, असे म्हटले तर चूक नाही.

अमेरिकेतल्या काळ्यांशी आपले नाते जुने आहे. १९६६ साली तिथे ब्लॅक पँथर निघाली, १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली. तेव्हा विचार आला, आता गाणे आले, एवढेच.

मिसळ आपल्याला नवी नाही

"भेसळ आहे ही," असे बैठकीत एक गृहस्थ म्हणाले. त्यांना आम्ही विचारले, की आपल्या गायन पार्ट्यांनी दुसरे काय केले? भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले तेव्हा बाज तमाशाचाच घेतला आणि विषय बदलला. वामनदादा कर्डक यांनी लोकगीतापासून सिनेमाच्या चालीपर्यंत काहीच वर्ज्य मानले नाही. प्रल्हाद शिंदे यांनी कव्वालीचा ठेका आपल्या वस्तीत रुजवला. सवाल-जवाबाचे मुकाबले ऐकायला लोक रात्रभर बसत. भराभर शब्द फेकून समोरच्याला निरुत्तर करायचे, हे रॅपवाले आज करतात. आमच्या तात्यांनी ते चाळीस वर्षांपूर्वी केले.

आपला सांगली जिल्हा तर या बाबतीत धनवान. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, त्याच तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, कवलापूरचे काळू-बाळू. मिरजेची सतार आणि तंबोरा तर जगभर जातात. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. ती करणारी घराणी शिकलगारांची, म्हणजे मूळची हत्यारे घडवणारी. हत्यार घडवणारा हात वाद्य घडवू लागला. मग वाद्याचे पुन्हा हत्यार का होऊ नये?

परै आणि हलगी

त्या अल्बमवाल्यांनी आणखी एक मोठी गोष्ट केली. परै हे तमिळ चर्मवाद्य. ते वाजवणाऱ्या जातीवरून इंग्रजीत 'बहिष्कृत' या अर्थाचा एक हिणकस शब्दच रूढ झाला. गावात मयत झाले की परै वाजवायला जायचेच, अशी सक्ती होती. म्हणून स्वाभिमानी लोकांनी परै सोडली. ते योग्यच होते. नंतर नव्या पिढीने ती पुन्हा हाती घेतली, पण गावकीचा हुकूम म्हणून नव्हे. आपले वाद्य म्हणून, व्यासपीठावर, गिटारच्या शेजारी.

आपल्याकडे हलगीचे असेच आहे. ती मुख्यतः मातंग बांधवांच्या हातात राहिली. त्या हाताला कधी मान मिळाला नाही. गावकीची हलकी कामे सोडा, हा बाबासाहेबांचा आदेश आम्ही डोक्यावर घेतला आणि तो कधीही खाली ठेवणार नाही. पण काम सोडणे वेगळे आणि कला सोडणे वेगळे. कोणाच्या दारात, कोणाच्या हुकमाने वाजवायचे नाही. आपल्या मंचावर, आपल्या मर्जीने वाजवायला काय हरकत आहे? या प्रश्नावर समाजात दोन मते असतील. आम्ही आमचे मांडले.

आपल्या महाराष्ट्रात

मराठी मुलेही मागे नाहीत. मुंबईच्या 'स्वदेसी' या गटात मराठी, हिंदी, गुजराती अशा भाषांतून रॅप होते. 'एमसी मवाली' मराठीत गातो, अमरावतीचा सौरभ अभ्यंकर वऱ्हाडी ठसक्यात. २०१९ साली त्यांनी आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन वारली लोकांच्या जमिनीवर गाणे केले. २०२० साली त्यांचा 'चेतावनी' हा अल्बम आला. त्यांच्यातला गुजरातीत गाणारा धर्मेश परमार २०२२ साली अवघ्या २४ व्या वर्षी गेला.

सगळेच रॅप असे असते असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळ गाण्यांत नुसत्या शिव्या, गाड्या आणि बायकांची टिंगल असते. तसले घरात नको. पण तसे तर भीमगीतांच्या कॅसेटमध्येही भिकार चालीवर चार शब्द कोंबणारे निघालेच होते. गाणे कोणते वाद्य वाजवते हे विचारू नये. काय सांगते आणि शब्द ऐकू येतात का, हे विचारावे. डॉल्बीवरचा आमचा आक्षेप तोच. तीत बाबासाहेबांचे नाव असते, पण ते कुणाला ऐकू येत नाही. पाळण्यातले लेकरू दचकते, आजारी म्हातारा कान दाबतो आणि गाण्याचा अर्थ रस्त्यावरच राहतो.

नाव लिहा

शेवटचा मुद्दा नावाचा. त्या चेन्नईच्या जथ्यातला एक रॅपर अरिवु. त्याची आजी श्रीलंकेच्या चहामळ्यात राबली. त्या आठवणींतून त्याने लिहिलेले आणि गायिका धी हिच्याबरोबर गायलेले गाणे २०२१ साली देशभर वाजले. पण त्याच वर्षी एका संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर इतरांची छायाचित्रे आली आणि लिहिणाऱ्या अरिवुचे नाही. रंजित यांनी जाहीर आवाज उठवला, तेव्हा कुठे त्याचे वेगळे मुखपृष्ठ निघाले.

हे ऐकून तात्या काही बोलले नाहीत. घरी जाऊन त्यांनी आपली जुनी वही आणली. चाळीस वर्षांची गाणी. प्रत्येक गाण्याखाली तांबड्या शाईने कवीचे नाव आणि गाव. म्हणाले, "नाव गाळलं तर त्या माणसाला दुसऱ्यांदा गाडल्यासारखं हाय."

बैठकीत ठरले ते असे. डॉल्बी नाही. मिरवणुकीनंतर विहारापुढे दोन तास गाणे. पहिला तास गायन पार्टीचा, दुसरा मुलांचा. भाच्याने चवदार तळ्यावर रॅप लिहिले. तात्यांनी ते ऐकले आणि पहिल्याच कडव्याला थांबवले, कारण पोराने सत्याग्रहाचे साल चुकवले होते. "२० मार्च १९२७. आधी हे पाठ कर, मग ओरड." भाच्याने साल दुरुस्त केले. तात्यांनी मग स्वतःच ढोलकीवाल्याला ठेका सांगितला.

चौदा एप्रिलच्या रात्री विहारापुढे अडीचशे माणसे तरी बसली होती. बाया शेवटपर्यंत उठल्या नाहीत. एका मुलाच्या हाती हलगी होती, दुसऱ्याच्या हाती उसनी आणलेली गिटार. सूर दोनदा चुकला. पण प्रत्येक शब्द मागच्या रांगेपर्यंत पोचला.

आमची वाचकांना एकच विनंती आहे. आपल्या वस्तीत असा एखादा जुना गायक असेल तर त्याच्या शेजारी घरातले पोर बसवा. मोबाईल सगळ्यांच्या खिशात आहे, त्यावर त्याची गाणी भरून घ्या. प्रत्येक गाण्यापुढे कवीचे नाव आणि गाव लिहा. पोरे मग त्याचे रॅप करोत की रॉक करोत. तात्यांची वही सध्या भाच्याकडे आहे. रोज संध्याकाळी तो दोन पाने उतरवून काढतो. तांबड्या शाईचा पेन त्याने स्वतःच्या पैशाने आणला आहे.