मान्यता दिली, पुढे काय?

केदारेश्वराच्या चालुक्यकालीन देवळासाठी ओळखली जाणारी धर्मापुरी १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाली नाही. सारा बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या मुलखात होता. २९ नोव्हेंबरला दिल्ली आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. कागदावर शांतता आली, पण गावोगाव निजामाच्या पाठीराख्या रझाकारांचा जाच वाढला आणि कराराच्या काळातच मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ पुन्हा तुरुंगात गेले. मराठवाडा मुक्त झाला तो १७ सप्टेंबर १९४८ रोजी, भारतीय फौजांच्या ‘पोलीस ॲक्शन’नंतर.

त्याच २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव मंजूर केला. भारताने विरोधात मत दिलं होतं. ठरावात दोन राष्ट्रं होती. त्यातलं एक उभं राहिलं, दुसरं अजून कागदावरच आहे.

भारताने पॅलेस्टाईनला १९८८ मध्येच मान्यता दिली. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, पोर्तुगाल आणि फ्रान्स यांना त्यासाठी सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. मान्यतेमुळे दूतावास उघडता येतो, राष्ट्र म्हणून करार करता येतात, आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर वजन वाढतं. हे थोडं नाही. पण तेवढ्याने पश्चिम किनाऱ्यावरची एकही इस्राएली वसाहत हटत नाही की गाझातल्या उपाशी लेकराच्या तोंडी घास पडत नाही. संयुक्त राष्ट्रांचं पूर्ण सदस्यत्वही अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये नकाराधिकार वापरून रोखलं.

कायदा मात्र स्पष्ट आहे. १९ जुलै २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पॅलेस्टिनी भूभागावरचा इस्राएलचा ताबा बेकायदा ठरवला आणि तो टिकवायला कोणत्याही देशाने मदत करू नये, असं मत दिलं. ते बंधनकारक नव्हतं. दोन महिन्यांनी आमसभेने त्याच आधारावर, बारा महिन्यांत ताबा सोडा, असा ठराव १२४ मतांनी केला. भारत तटस्थ राहिला. सप्टेंबर २०२५ मध्ये द्विराष्ट्र तोडग्याच्या जाहीरनाम्याला मात्र आपण होकार दिला. घोषणेला हो आणि मुदत घालायची वेळ आली की तटस्थ, हे मला पटत नाही.

कारण आपला इतिहास वेगळा आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध भारताने १९४६ मध्येच, स्वतः स्वतंत्र होण्याआधी, व्यापार तोडला होता.

इस्राएल आपला मित्र आहे, कारगिलच्या वेळी त्याने मदत केली, ठिबक सिंचनाचं तंत्र मराठवाड्याने त्याच्याकडून शिकलं, हे खरं आहे. ७ ऑक्टोबर २०२३ चा हमासचा हल्ला अमानुष होता, हेही खरं. पण ठिबक बंद करा, असं कोणी म्हणत नाही. लष्करी कारवाईही कोणाला नको आहे. पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यात किती निरपराध मुसलमान मारले गेले, हे सुंदरलाल समितीने नोंदवून ठेवलं आहे. बळाची किंमत आपल्याला ठाऊक आहे.

मागणी मोजकी आहे: बेकायदा वसाहतींतला माल घेऊ नये आणि हा ताबा टिकवायला वापरली जातील अशी शस्त्रं विकू नयेत. शस्त्रनिर्यात थांबवण्याची याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये फेटाळली, परराष्ट्र धोरण हा सरकारचा प्रांत आहे म्हणून. म्हणजे निर्णय सरकारचा आणि सरकारला जाब विचारण्याचं काम संसदेचं. बीडच्या मतदारांनी आपल्या खासदारांना हा प्रश्न तिथे मांडायला सांगावा.