पत्र्यावरचे धोंडे

माझे माहेर नांदेडचे, सासर लातूरचे. दोन्ही घरांवर पत्रेच. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडू नयेत म्हणून माहेरी वर धोंडे ठेवलेले. सासूबाईंना मात्र ते मुळीच खपत नसे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून माणसे निजली असताना, किल्लारीची जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे अंगावर येऊन हजारो माणसे गेली. सासूबाईंची थोरली बहीण त्यांतलीच.

“वाऱ्यानं पत्रा जाईल गं, धोंड्यानं माणूस जाईल!” त्या म्हणत.

२१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, नांदेडही हलले. पत्र्यांवरचे दगड उतरवा, असे प्रशासनानेही सांगितले. मी लगेच दादाला फोन केला.

“अगं, मग वाऱ्याचं काय?”

“आकड्याचे बोल्ट मारून पत्रे वाशांना आवळून घे. गंजलेले बदल.”

वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईला शिडी निघतेच. तेव्हाच वर एक नजर टाकावी. वळवाला मग घाई होत नाही.

दादाचे धोंडे आता तुळशीभोवती पार होऊन बसले आहेत. यंदा पहिली पणती तिथेच लागेल.