रिकाम्या संगणकांची सावड : पेण-रोह्याच्या बोलींच्या अभ्यासानिमित्त

शेतीच्या परिभाषेत 'सावड' आणि 'इर्जिक' असे दोन शब्द आहेत. शहरी मराठीत ते आता क्वचितच ऐकू येतात, आणि जेथे येतात तेथे बहुधा एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः त्यांत भेद आहे. सावडीत एकाने आपले बैल व मनुष्यबळ दुसऱ्याच्या शेतावर न्यावयाचे आणि दुसऱ्याने पाळी आली म्हणजे ते फेडावयाचे. इर्जिकीत अशी फेड नसते. गावाने एकाच्या शेतावर दिवसभर राबावे आणि त्याने सर्वांस जेवू घालावे, एवढ्यावर व्यवहार पुरा होतो. संशोधनासाठी रिकामे संगणक वापरण्याच्या ज्या दोन पद्धती आज रूढ आहेत, त्यांच्यातील भेद नेमका हाच आहे. आणि तो ध्यानी न घेतल्यास भाषाभ्यासकाच्या हातून, पुढे दिसेल त्याप्रमाणे, गंभीर प्रमाद घडू शकतो.

प्रथम गरजेचा विचार करू. पेण तालुक्यातील खारेपाटाची आगरी, रोह्याच्या डोंगराळ भागातील कुणबी बोली आणि दोन्ही तालुक्यांतील कातकरी वाड्यांवरील भाषा यांचा परस्परसंबंध ठरवावयाचा आहे असे समजा. जुन्या पद्धतीत अभ्यासक शब्द ऐकून लिपीत उतरवी व मग तुलना करी. डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची जी पुस्तके सिद्ध केली त्यांचा पाया हाच होता, आणि त्याचे मोल आजही कमी झालेले नाही. तथापि ध्वनिमुद्रितांचीच प्रत्यक्ष तुलना आता शक्य झाली आहे. त्यात दोन उच्चारांची ध्वनिरूपे ताणून-आकसून एकमेकांवर बसवितात व किती अंतर उरते ते मोजतात. लिहून घेणाऱ्याच्या कानाचा दोष त्यामुळे टळतो. (यंत्राच्या कानालाही दोष असतात, पण तो निराळा विषय.)

६० गावे, प्रत्येक गावी ५ निवेदक आणि प्रत्येकाकडून २०० शब्द घेतले, तर निवेदक ३०० होतात व त्यांच्या जोड्या ४४,८५०. प्रत्येक जोडीस २०० शब्द, म्हणजे ८९,७०,००० तुलना. एका तुलनेस एक-पंचमांश सेकंद धरला तर एका संगणकास सुमारे ४९८ तास, म्हणजे जवळजवळ २१ अहोरात्र लागतील. मोजणीच्या रीतीत एखादी चूक सापडली की पुन्हा २१ दिवस. तालुक्याच्या गावी बसून प्रबंध लिहिणारा विद्यार्थी येथेच बहुधा धीर सोडतो आणि गावांची संख्या ६० वरून १२ वर आणतो. कोणती गावे वगळावयाची हे मग शास्त्र ठरवीत नाही, वेळ ठरवितो. आणि वगळली जातात ती बहुधा शेवटच्या वाड्यांची नावे.

पुण्यास महासंगणक आहेत. 'सी-डॅक'ने 'परम ८०००' १९९१ मध्ये तेथेच सिद्ध केला. पण वरील गणितास महासंगणकाची मुळीच आवश्यकता नाही. महासंगणकाचे सामर्थ्य ज्यांत एका भागाचे उत्तर क्षणोक्षणी दुसऱ्या भागास लागते अशा प्रश्नांसाठी, उदाहरणार्थ हवामानाच्या गणितासाठी, असते. आपल्या जोड्या एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र आहेत. पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत हा भेद प्रत्यक्ष पाहता येतो. साच्यातून मूर्ती काढण्याचे काम दहा घरी वाटून देता येते. एका घरी उशीर झाला तरी नऊ घरे थांबत नाहीत. परंतु एकाच मूर्तीची डोळ्यांची आखणी ती वाळून रंगविल्यावाचून होत नाही, मग कारागीर कितीही असोत.

आता महाविद्यालयातील संगणककक्ष पाहा. ४० संगणक आठवड्याचे ६ दिवस रोज ६ तास चालतात असे धरले, तर १६८ तासांपैकी १३२ तास ते निजलेले असतात. या निद्रेचा उपयोग करण्याची कल्पना जुनी आहे. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधनकेंद्रात शॉक आणि हुप यांनी असा एक प्रयोग केला व १९८२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. रिकाम्या यंत्रांवर आपण होऊन पसरणारी त्यांची आज्ञावली एका रात्री बिघडली आणि सकाळी लोक येऊन पाहतात तो अनेक यंत्रे बंद पडलेली! यंत्राच्या मालकाचा अधिकार अबाधित राखल्यावाचून ही सावड टिकणार नाही, हा धडा त्यातून मिळाला.

तो धडा अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात मिरॉन लिव्हनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरता पचविला. १९८८ मध्ये त्यांनी मांडलेल्या 'काँडोर' या प्रणालीस, जिचे नाव २०१२ पासून 'एचटी-काँडोर' आहे, रिकामी यंत्रे हुडकणाऱ्या गिधाडाचे नाव दिले आहे. तिच्यात प्रत्येक यंत्र आपली जाहिरात देते : माझी स्मृती इतकी, मी अमुक वेळी मोकळा, अमक्यांचेच काम घेईन. प्रत्येक कामही आपल्या अपेक्षांची जाहिरात देते. मधला जुळवणीकार उभय पक्षांच्या अटी पाहून गाठ घालून देतो. आपल्याकडील लग्ने जुळविणाऱ्या मध्यस्थापेक्षा त्याची रीत फारशी निराळी नाही. मालकाने कळफलकास हात लावताच पाहुणे काम थांबते, आणि हवे तर दुसऱ्या यंत्रावर जाते.

आपल्या उदाहरणात १५० जोड्यांचे एक याप्रमाणे २९९ पुडकी होतील. प्रत्येकास १०० मिनिटे. ४० यंत्रांवर आठ फेऱ्या, म्हणजे १३ तास २० मिनिटे. सायंकाळी सहाला लावलेले काम सकाळी साडेसातच्या आत हाती येते. पुडकी किती मोठी करावीत यात तारतम्य हवे. फार लहान केल्यास वाटपातच वेळ जातो. फार मोठी केल्यास वीज गेली की बरेच काम वाया जाते. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर जिल्ह्याच्या कित्येक भागांत अनेक दिवस वीज नव्हती, हे येथील वाचकांस सांगावयास नको. १०० मिनिटांच्या पुडक्यात नुकसान झालेच तर तेवढ्यापुरते. विजेचा खर्चही लपवू नये. यंत्रामागे १०० वॅट धरल्यास एका रात्रीची सुमारे ५३ युनिटे होतात, आणि ती महाविद्यालयाच्या देयकात दिसतात. तेव्हा प्राचार्यांची संमती आधी घ्यावी हे उत्तम.

ही झाली सावड. इर्जिकीचे उदाहरण म्हणजे बर्कली येथून १९९९ मध्ये सुरू झालेला 'सेटी ॲट होम' हा उपक्रम. परग्रहावरील संकेतांच्या शोधासाठी जगभरच्या लोकांनी आपले घरचे संगणक त्यास दिले. मार्च २०२० अखेर नवे काम पाठविणे त्याने थांबविले. २००५ पासून चालू असलेल्या 'आइन्स्टाइन ॲट होम'ने अशाच मार्गाने २०१० मध्ये एक नवा स्पंदतारा शोधला. त्यातच 'लायगो'च्या गुरुत्वतरंगांच्या नोंदीही तपासल्या जातात. हिंगोली जिल्ह्यात होणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेमुळे हे आपल्यालाही जवळचे वाटावे. अनोळखी यंत्रावर विश्वास टाकता येत नाही, म्हणून अशा उपक्रमांत एकच पुडके बहुधा दोघांकडे पाठवून उत्तरे ताडून पाहतात.

भाषेच्या अभ्यासकाने मात्र या दुसऱ्या मार्गाने जाऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. ताऱ्याचा संकेत कोणाच्याही घरी गेला तरी ताऱ्याचे काही बिघडत नाही. कातकरी वाडीवरील म्हातारीने दिलेला आवाज हा तिचा आहे. तिने तो समोर बसलेल्या अभ्यासकावर विसंबून दिला. तो परमुलखातील अज्ञात यंत्रांवर जाईल हे तिला कोणी सांगितलेले नसते, आणि सांगितले तरी त्याचा पूर्ण अर्थ तिच्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. अशी मुद्रिते महाविद्यालयाच्या भिंतीआड, ओळखीच्या यंत्रांवरच फिरावीत, आणि काम संपताच प्रत्येक यंत्रावरील प्रत पुसली जावी. ६०,००० उच्चारांच्या फाइली मिळून दोन गिगाबाइटांहून अधिक होणार नाहीत, तेव्हा तांत्रिक अडचण मुळीच नाही.

पेण आणि रोहा येथील दोन महाविद्यालयांनी परस्परांत सावड धरावी काय? धरता येईल, यंत्रे ८० होतील, आणि २९९ पुडकी चार फेऱ्यांत संपतील. पण मग मुद्रिते दोन छपरांखाली जातील, म्हणून निवेदकांची संमती घेताना दोन्ही संस्थांची नावे त्यांना वाचून दाखवावी लागतील. आणि फेडही ठरवावी लागेल : रोह्याचा रसायनशास्त्राचा विद्यार्थी आपली गणिते घेऊन आला की त्या रात्री पेणच्या भाषाविभागाने आपले काम बाजूस ठेवावयाचे.