न उभारलेल्या वस्तुसंग्रहालयाचा नकाशा

टिळकवाडीत कोठे नवे घर उठू लागले की आपण वाळूचे ढीग पाहतो, गवंडी पाहतो. नकाशा मात्र क्वचितच कोणी पाहतो. आणि घर उठलेच नाही तर? मग नकाशा तेवढा उरतो. अशाच एका नकाशाविषयी हे चार शब्द.

मुंबईस भायखळ्याच्या राणीच्या बागेत डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय आहे. भाऊ दाजी मूळचे गोमंतकीय. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले. (माझ्यासारख्या कोकणी बोलणाऱ्यास त्यांचा अंमळ अधिक अभिमान वाटल्यास वाचकांनी क्षमा करावी.) संग्रहालयाची कोनशिला १८६२ साली बसली, तेव्हा कापसाच्या तेजीमुळे मुंबईत पैसा वाहत होता. १८६५ साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, शेअरबाजार कोसळला आणि वर्गणीचा ओघ आटून काम अडले. अखेर सरकारने पैसा पुरविला व २ मे १८७२ रोजी संग्रहालय खुले झाले. तीही इमारत कागदावरच राहण्याचा संभव होता, हे ध्यानात असू द्यावे.

पुढे उत्तरेस नवे दालन जोडण्यासाठी जागतिक स्पर्धा झाली. अंतिम आठांत झाहा हदीद यांच्यासारखे नामांकित वास्तुशिल्पी होते. २०१४ च्या अखेरीस अमेरिकेचे स्टीव्हन हॉल यांची निवड झाली. क्षेत्र १,२५,००० चौरस फूट, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे ११५ गुंठे!

नकाशा म्हणजे इमारत वरून पाहिल्याचे चित्र. परंतु हॉल यांची खरी कल्पना कळते ती छेदावरून. उभी सुरी घालून केक कापावा, तसे ते चित्र असते. पांढऱ्या काँक्रीटच्या साध्या ठोकळ्यात त्यांनी जागोजाग खाचा पाडल्या होत्या. त्यांतून ऊन सरळ आत न येता भिंतींवरून परतून मंद उतरावे, कारण प्रखर उन्हाने जुनी वस्त्रे व चित्रे विटतात. मधल्या खाचेतून पावसाचे पाणी तलावात जाई. (आमच्या कोकणीत विहिरीला बांय म्हणतात, चित्र पाहताच मला तीच आठवली.) त्या पाण्याने हवा थंड राहावी आणि पृष्ठभागाखाली बसविलेल्या सौर पट्ट्यांनी संग्रहालयास लागणारी ६० टक्के वीज द्यावी, अशी योजना होती.

हे दालन उभे राहिले नाही. मला त्याची हळहळ वाटते. पुष्कळशा स्पर्धांतील चित्रे नुसती डोळे दिपवितात, येथे प्रत्येक खाचेस काम नेमून दिले होते.

दहावीच्या वर्गात हा छेद मी फळ्यावर काढला, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, पाणी गढूळ झाले आणि पट्ट्यांवर शेवाळ धरले, तर वीज कशी येणार?” मी खडू खाली ठेवला. मुंबईचे चार पावसाळे त्या तलावावरून गेले असते, तर उत्तर देता आले असते.