रमण राघवचा ‘कानून’

खुन्याची मालिका पाहून झाली, की असोद्याच्या पारावर काय नि पुण्यातल्या कट्ट्यावर काय, वाद एकच रंगतो : तो वेडा होता, तर शिक्षा कशी? रमण राघवच्या खटल्यात या प्रश्नाने न्यायालयालाही बरीच वर्षं अडकवून ठेवलं.

1960च्या दशकात मुंबईच्या उपनगरांत रात्री उघड्यावर, झोपड्यांत झोपलेल्या गोरगरिबांची डोकी ठेचली जात होती. ऑगस्ट 1968मध्ये राघव सापडला. पोलीस सर्जनच्या मते त्याला मनोविकार नव्हता. बचाव पक्षाच्या मानसोपचारतज्ज्ञाने पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं निदान केलं. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. मग उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून तीन मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला तपासलं. त्याच्या लेखी जगं दोन होती : एक आपलं, दुसरं ‘कानून’चं. आपलं लिंग बदलायला लोक टपलेत, पण आपण कानूनचे प्रतिनिधी असल्याने त्यांचं काही चालत नाही, यावर तो ठाम होता.

इथे श्रेबर आठवतो. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा हा वरिष्ठ न्यायाधीश. आपलं बाईत रूपांतर होतंय, असं त्याला वाटे. त्याला कधीही न भेटता, नुसत्या त्याच्या आठवणी वाचून फ्रॉइडने 1911मध्ये मांडलं, की भ्रम म्हणजे ढासळलेलं जग पुन्हा उभारण्याची रुग्णाची धडपड. राघवचा कानून असाच टेकू असावा. पण श्रेबरने कुणाचा जीव घेतला नाही. भ्रमाचा अर्थ लागला, म्हणून खुनाचं कारण सापडतंच असं नाही.

सिनेमाला मात्र कारण हवं असतं. हिचकॉकच्या ‘सायको’त (1960) शेवटी डॉक्टर येऊन सगळं खापर आई-मुलाच्या नात्यावर फोडतो. अनुराग कश्यपच्या ‘रमन राघव 2.0’ने (2016) ही वाट टाळली. तिथे खुनी पोलिसातच आपला जोडीदार शोधतो.

कायद्याला बालपणाशी देणंघेणं नाही. भारतीय दंड संहितेचं कलम 84, आता न्याय संहितेचं 22, एवढंच विचारतं : कृत्य करताना मनोविकारामुळे त्याचं स्वरूप, किंवा ते गैर वा बेकायदा आहे हे, आरोपीला कळत नव्हतं का? राघव निर्दोष सुटला नाही. पण आजार बरा होणारा नाही म्हणून 1987मध्ये फाशीची जन्मठेप झाली.

पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खटल्यातल्या चौघा कला-विद्यार्थ्यांच्या डोक्यात असला कुठलाच कानून नव्हता. लुटीसाठी त्यांनी दहा जीव घेतले आणि 1983मध्ये ते फासावर गेले. त्यांच्यावर निकाल देणं कायद्याला तुलनेने सोपं गेलं. मनोविश्लेषणाला मात्र राघवपेक्षा हे चौघेच अवघड.