मुलाखतीच्या खोलीत आपली मुले गप्प का होतात?

मागच्या मे महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. बी.कॉम. पहिल्या श्रेणीत पास, टॅलीचा कोर्स केलेला. पुण्यातील एका खासगी रुग्णालयात बिलिंग काउंटरच्या जागेसाठी मुलाखत देऊन परतला होता. चेहरा उतरलेला. म्हणाला, "टीचर, हिशेबाचं काही विचारलंच नाही. म्हणाले, स्वतःबद्दल सांगा. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, पुढे काही सुचेना. मग विचारलं, बिलावरून चिडलेला नातेवाईक अंगावर आला तर काय कराल? मी नुसता खाली बघत बसलो."

हाच मुलगा दर रमजानमध्ये अब्बांच्या कापड दुकानात उभा असतो. ईद आठवड्यावर आलेली, तोंडात पाण्याचा थेंब नाही आणि समोर घासाघीस करणाऱ्या, घेतलेला कपडा बदलून मागणाऱ्या गिऱ्हाइकांची झुंबड. तो आवाज न चढवता एकेकीला समजावतो. हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे होते. पण दुकानातले ते उभे राहणे ही सांगण्यासारखी पात्रता आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

असे का होते? सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात एक गोष्ट स्पष्ट नोंदवली आहे. मुसलमान कामगारांमध्ये स्वतःचा धंदा करणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आणि नियमित पगाराच्या नोकरीत असणाऱ्यांचे कमी. याचा घरातला अर्थ असा की, आपल्या कितीतरी घरांत अब्बांनी, चाचांनी, मामूंनी कधी मुलाखत दिलेलीच नसते. गॅरेज, बेकरी, टेलरिंग, फळांची गाडी. काम ओळखीने मिळते आणि हाताने टिकते. अनोळखी माणसासमोर बसून स्वतःबद्दल दोन मिनिटे बोलायचे, हे मुलाने घरात पाहिलेलेच नसते. मग त्याला ते जमावे कसे?

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात शाळांसाठी दहा जीवनकौशल्ये सांगितली. स्वतःला ओळखणे, दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहणे, नीट संवाद साधणे, भावना आणि ताण सांभाळणे ही त्यांपैकीच. नावे नवी वाटतात. गोष्टी नव्या नाहीत. राग आला असता स्वतःवर ताबा ठेवणारा तोच खरा ताकदवान, ही आपल्या प्यारे नबी (स.) यांची शिकवण आपण मुलांना लहानपणीच देतो. ती कामाच्या जागी कशी वापरायची, एवढेच सांगायचे राहून जाते.

त्या दिवसापासून आम्ही दोघा-तिघा शिक्षकांनी रविवारी सकाळी शाळेच्या एका वर्गात मुला-मुलींना बसवायला सुरुवात केली. खर्च काही नाही. पहिल्या रविवारी प्रत्येकाने केलेली कामे कागदावर लिहायची, पगार मिळालेली आणि न मिळालेलीही. एका मुलीने लिहिले, "काही नाही." विचारता विचारता कळले की दादीच्या डायलिसिससाठी दोन वर्षे रुग्णालयाच्या फेऱ्या, कागदपत्रे, औषधांच्या वेळा सगळे तीच सांभाळत होती. जबाबदारीची यापेक्षा मोठी सनद कोणती?

दुसरा सराव नकाराचा. मोहल्ल्यातले औषध दुकानदार किंवा निवृत्त तलाठी 'साहेब' होऊन बसतात आणि शेवटी मुद्दाम सांगतात, "आम्ही तुम्हाला घेऊ शकत नाही." मुलाने शुक्रिया म्हणून, कुठे कमी पडलो हे अदबीने विचारून उठायचे. पहिल्या वेळी काहींच्या डोळ्यांत पाणी येते. पण ते आपल्या माणसांत आलेले बरे. खऱ्या मुलाखतीहून आल्यावर तीन गोष्टी वहीत लिहायच्या: काय विचारले, मी काय बोललो, पुढच्या वेळी काय बोलेन.

तिसरा सराव सर्वांत अवघड. जुम्याच्या नमाजला वेळ मिळेल का, हिजाब घालून काम करता येईल का, हे कसे विचारायचे? आमची मुले एकतर गप्प राहतात आणि नंतर नोकरी सोडतात, किंवा भांडणाच्या सुरात विचारतात. आम्ही शिकवतो की आधी कामाचे बोला, मग शांतपणे विचारा आणि बदल्यात आपण काय देऊ तेही सांगा: "दुपारचा तेवढा वेळ मी संध्याकाळी भरून देईन." याने प्रत्येक दार उघडेल असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी नाव वाचूनच अर्ज बाजूला पडतो. तो दोष मुलाचा नाही आणि तसे त्याला घरात कोणी म्हणूही नये. पण जे दार उघडे आहे, तिथून आपला मुलगा घाबरून परत यायला नको.

सूरह कससमध्ये हजरत मूसा (अलै.) यांची हकिकत येते. मिसरमधून निघालेले, परक्या मुलखात, ना छप्पर ना रोजी. मदयनच्या विहिरीवर बाजूला थांबलेल्या दोन मुलींची अडचण त्यांनी विचारली आणि त्यांच्या जनावरांना पाणी पाजले. त्या मुलींपैकी एकीनेच वडिलांना सुचवले की यांना कामावर ठेवा. हे ताकदवानही आहेत आणि विश्वासूही. मग आठ वर्षांचा करार झाला, मर्जी असेल तर दहा. पुढे फिरऔनकडे जाण्याचा हुकूम झाला, तेव्हा आपली जीभ अडखळते हे त्यांनी लपवले नाही; भाऊ हारून (अलै.) यांची साथ मागितली आणि गेले. बोलताना अडखळणाऱ्या आपल्या मुलांना मी ही हकिकत नेहमी सांगते.

आई-वडिलांना एकच विनंती. पाहुणे मुलीला विचारतात, "काय शिकतेस?" आणि उत्तर अम्मी देते. बँकेत अर्ज मुलाचा, पण बोलतात अब्बा. हे थांबवा. दस्तरखानावर रोज एका मुलाला दिवसभराची एक गोष्ट पूर्ण सांगू द्या, मध्ये तोडू नका. बँकेत, पोस्टात, तहसीलमध्ये त्यालाच खिडकीवर पाठवा. तुम्ही मागे उभे राहा. चुकला तर घरी येऊन समजवा, तिथे नाही.

तो विद्यार्थी नंतर आणखी दोन मुलाखतींना गेला. तिसऱ्या वेळी त्याने रमजानमधल्या दुकानाची गोष्ट सांगितली. ती नोकरीही मिळाली नाही, पण या वेळी तो मान खाली घालून आला नाही. वही घेऊन आला. आज तो एका ट्रान्सपोर्ट कचेरीत हिशेब पाहतो आणि रविवारी आमच्या वर्गात 'साहेब' होऊन बसतो. नकार देताना अजून त्याचा आवाज थोडा कापतो.

अल्लाह आपल्या मुलांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.