लहान चणीचा थोर मल्ल : कै. खाशाबा जाधव

मल्ल म्हटला म्हणजे धिप्पाड देह, रुंद छाती व खांबासारख्या मांड्या, असे चित्र आमच्या कोल्हापूरकडील माणसाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. राजर्षी शाहू महाराजांनी तालमींना उदार आश्रय दिला व खासबागेचे मैदान उभारले, तेव्हापासून ही आवड येथील मातीत मुरलेली आहे. परंतु ऑलिंपिक सामन्यांत स्वतंत्र भारतास पहिले वैयक्तिक पदक ज्यांनी मिळवून दिले, ते कै. खाशाबा दादासाहेब जाधव अंगाने मुळीच आडदांड नव्हते. त्यांची उंची जेमतेम साडेपाच फूट होती व बांधा सडपातळ होता. अशा देहाने एवढा पराक्रम कसा साधला, हे आमच्या विद्यार्थिमित्रांनी समजून घ्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शिरोलीवरून पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गाने उत्तरेस गेले म्हणजे कराड लागते. कराडनजीकच्या गोळेश्वर या खेड्यात १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल असल्यामुळे कुस्तीचे बाळकडू त्यांना घरीच मिळाले. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण घेऊन ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. तेथील वार्षिक क्रीडास्पर्धेत उतरण्यास त्यांना प्रथम परवानगी मिळाली नाही, असे सांगतात. तेव्हा ते सरळ प्राचार्य खर्डेकर यांजकडे गेले व त्यांची अनुमती घेऊन मैदानात उतरले. आणि आपणांहून मोठ्या व अनुभवी गड्यांस त्यांनी धूळ चारली.

लहान मल्लाचे बळ कशात असते? ते चपळाईत व डावाच्या अचूकपणात असते. खाशाबांचा आवडता डाव ढाक. प्रतिस्पर्ध्याचे डोके बगलेत धरून त्यास क्षणार्धात जमिनीवर आणावयाचे, हे त्याचे मर्म होय. यात दंडाच्या ताकदीइतकेच नेमका क्षण ओळखण्याला महत्त्व असते.

१९४८ साली लंडन येथील ऑलिंपिक सामन्यांसाठी त्यांची निवड झाली. प्रवासखर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तोवर खाशाबांचा सराव मातीतला. तेथे मात्र गादीवर लढावयाचे होते. मातीत पाय रुततो, गादीवर तो निराळ्या रीतीने रोवावा लागतो. आमच्याकडे गडी चितपट झाला की निकाल लागतो. तेथे प्रत्येक पकडीचे गुण मोजतात व घड्याळाकडे लक्ष ठेवावे लागते. हे सर्व नवखे असतानाही बावन्न किलोच्या गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांस गादीवरील कुस्तीचे पाठ दिले होते.

पुढील चार वर्षे त्यांनी कसून मेहनत केली. १९५२ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे जावयाचे ठरले, तेव्हा पुन्हा पैशाची अडचण उभी राहिली. गावकऱ्यांनी यथाशक्ति वर्गणी दिली. आणि प्राचार्य खर्डेकरांनी तर आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. शिष्यासाठी गुरूने केलेला हा त्याग आमच्या मते पदकाइतकाच मोलाचा आहे.

हेलसिंकीस सत्तावन्न किलोच्या गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी या देशांच्या मल्लांस हरविले. जपानच्या शोहाची इशी याजशी झालेल्या झुंजीत मात्र त्यांस हार पत्करावी लागली. रशियाच्या ममादबेयोव याजशी लढण्यापूर्वी नियमाप्रमाणे अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी होती. पण थकलेल्या खाशाबांची बाजू मांडण्यास आपला एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगण्यात येते. इशी यास सुवर्णपदक, ममादबेयोव यास रौप्यपदक व आमच्या खाशाबांस कांस्यपदक मिळाले. परत आल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचे स्वागत झाले. त्यानंतर त्यांनी कुस्त्यांचे फड भरवून प्राचार्यांचे घर सोडविले, अशीही हकीकत प्रसिद्ध आहे.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ च्या मेलबर्न येथील सामन्यांस त्यांस जाता आले नाही. सत्तावीस वर्षे सेवा करून ते साहाय्यक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले व १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात निधन पावले. हयातीत त्यांचा व्हावा तसा गौरव झाला नाही, हे खेदाने नमूद करावे लागते. अर्जुन पुरस्कार त्यांस मरणोत्तर देण्यात आला, आणि २०१० साली दिल्लीतील कुस्तीगृहास त्यांचे नाव मिळाले. त्यांच्यानंतर दुसरे वैयक्तिक पदक मिळविण्यास भारतास १९९६ सालापर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे, वाट पाहावी लागली. महाराष्ट्रास तर बहात्तर वर्षे थांबावे लागले. २०२४ साली पॅरिस येथे आमच्याच जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी नेमबाजीत कांस्यपदक पटकाविले.

विद्यार्थिमित्रहो, देहाची उंची कोणाच्या हातची नसते. पण नियमित व्यायाम, डावाचा अभ्यास आणि नकार मिळाला असता पुन्हा दार ठोठावण्याचे धैर्य ही सर्वस्वी आपल्या हातची आहेत. पालकांसही आमची विनंती आहे की, मूल अंगाने लहान आहे एवढ्यावरून त्याच्या योग्यतेचे माप काढू नये. खाशाबांस एक संधी देणारे प्राचार्य लाभले, म्हणून देशास पदक लाभले. अशी संधी आपल्या घरी व आपल्या शाळेत प्रत्येक मुलास मिळो, हीच आमची इच्छा.